मॅटेडोर, अण्णा आणि (खरं) औंध

"वीकेंडला औंधला चाललोय" असं ऑफिसात सांगितलं की समोरून हमखास एकच प्रश्न येतो. "औंधला? मग त्यासाठी शुक्रवारी हाफ डे कशाला पाहिजे?"

आता काय सांगणार! पुण्यातल्या आयटीवाल्यांसाठी औंध म्हणजे बाणेरच्या अलीकडचं, ब्रेमेन चौकातलं, सिग्नलवर अर्धा तास खाणारं औंध. आमचं औंध सातारा जिल्ह्यात, खटाव तालुक्यात. यमाईचं औंध. पंतप्रतिनिधींचं औंध. पुण्याहून साधारण दीडशे किलोमीटर. लोक तीन-साडेतीन तासांत पोचतात म्हणे. आम्हाला या वेळी सव्वानऊ तास लागले. त्याचीच ही गोष्ट.

आधी गाडीविषयी. आमच्याकडे मॅटेडोर आहे. १९८७चं मॉडेल. तिशीच्या आतल्या मंडळींनी मॅटेडोर बहुतेक पाहिलेली नसणार. एकेकाळी या राज्यात शाळेची मुलं, वऱ्हाडी, भाजीपाला आणि गणपती हे सगळं एकाच गाडीतून (पाळीपाळीने) जायचं, ती ही गाडी. हॅम्बुर्गच्या एका कंपनीचा 'टेंपो' हा ब्रँड होता. त्यांच्याशी करार करून नवलमल फिरोदियांनी १९५८ मध्ये बजाज टेंपो सुरू केली आणि त्या ब्रँडचं आपण सामान्यनाम करून टाकलं. आज कोणत्याही कंपनीच्या छोट्या मालगाडीला आपण बिनदिक्कत टेंपो म्हणतो. तर त्याच कंपनीने १९६९ पासून मॅटेडोर बनवली आणि २००० मध्ये बंद केली. कंपनीचं नावही २००५ मध्ये बदललं. फोर्स मोटर्स. गाडीचं नाव मात्र आमच्या बिल्डिंगमध्ये अजून 'ती तुमची मॅटेडोर' असंच आहे. उच्चारताना 'ती'वर जोर.

अण्णांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, ती १९९४ मध्ये सेकंडहँड घेतली. ते चिंचवडला एका कारखान्यात मेंटेनन्स फिटर होते. मूळचे औंधचे. सातवीपर्यंत तिथेच शिकले. वर्षातून दोनदा यमाईला जायचं आणि सोबत काका-आत्या-मावश्या असा पंधरा माणसांचा लवाजमा न्यायचा, तर एस्टीपेक्षा आपली गाडी बरी, हा त्यांचा हिशोब. इंजिन पुढच्या दोन सीटांच्या मध्ये खोक्याखाली. त्या खोक्यावर बसायचं म्हणजे हिवाळ्यात चैन आणि मे महिन्यात शिक्षा. मी पाचवीत होतो. त्यामुळे माझी जागा तीच.

पुढे काका-आत्यांनी स्वतःच्या गाड्या घेतल्या आणि मॅटेडोर पार्किंगमध्ये उभी राहायला लागली. आई म्हणायची, विकून टाका. अण्णा दर रविवारी ती चालू करायचे, वीस मिनिटं आवाज ऐकायचे आणि बंद करायचे. बस्स.

२०१६च्या सुमारास मला कॅम्पर व्हॅनचा किडा चावला. फोक्सवॅगनच्या त्या गोंडस, दोन रंगांच्या, टपावर सर्फबोर्ड बांधलेल्या व्हॅनचे फोटो तुम्हीही डेस्कटॉपवर लावले असतील. ती गाडी १९५० मध्ये जर्मनीत सुरू झाली आणि ब्राझीलमध्ये चक्क २०१३च्या शेवटापर्यंत बनत होती. एअरबॅग आणि एबीएसची सक्ती आली तेव्हा कुठे थांबली. भारतात तशी एखादी मिळवायची तर किडनी विकावी लागेल. एका रविवारी खाली अण्णा इंजिनचा आवाज ऐकत उभे होते आणि माझी ट्यूब पेटली. अरे, आपल्या पार्किंगमध्येही जर्मन वंशाची व्हॅनच उभी आहे की!

अण्णांना सांगितलं. ते म्हणाले, "गाडीत झोपायला? का, घर लहान पडतंय व्हय?"

पण पुढच्या रविवारी ते टेप घेऊन आत मापं घेत होते.

मॅटेडोर कॅम्परसाठी अगदी सोयीची आहे. गाडी पुढच्या चाकांवर चालते, म्हणून मागपर्यंत जाणारा प्रोपेलर शाफ्ट नाही, म्हणून मागची जमीन सपाट आणि बुटकी. अण्णांनी एकोणीस एमएमच्या प्लायच्या दोन लांब पेट्या केल्या. दिवसा बाक, रात्री मधे फळी टाकली की पलंग. पेट्यांत अंथरूण, तवा, पातेली, पाने, जॅक. वीस लिटरचा पाण्याचा कॅन, पाच किलोचा गॅस (स्वयंपाक कायम गाडीबाहेर, हा नियम आईचा), टपापासून दोन बांबूंवर ताणलेली ताडपत्री आणि मच्छरदाणी. गाडीला कायमचं काहीही ठोकलेलं नाही, सगळं सामान म्हणून उचलून बाहेर काढता येतं. कारण मूळ गाडीत फेरफार करायचा तर आरटीओची परवानगी लागते, आणि अण्णा सिग्नलला रात्री दोन वाजतासुद्धा थांबणारे. २०२१ मध्ये राज्य सरकारने कॅराव्हॅन पर्यटनाचं धोरण आणलं तेव्हा ते पेपर माझ्यापुढे टाकून म्हणाले, "सरकार पाच वर्षं मागं हाय आपल्या."

आता मेंटेनन्स. नव्या गाडीचा मेंटेनन्स म्हणजे सर्व्हिस सेंटरला चावी द्यायची आणि एसीत बसून कॉफी प्यायची. मॅटेडोरचा मेंटेनन्स म्हणजे एक जीवनपद्धती आहे. गंज हा मुख्य शत्रू. पावसाळा संपला की चाकांवरच्या कमानी टोकरायच्या, कुजलेला पत्रा कापायचा, नवा वेल्ड करायचा, रेड ऑक्साइड, पुट्टी, रंग. सुटे भाग शोधायला पुण्यात रविवारचा जुना बाजार. तिथेही नाही मिळालं तर नमुना घेऊन कोल्हापूर. उद्यमनगरात लेथवाल्यापुढे झिजलेला बुश ठेवायचा. तो एकदा बुशकडे, एकदा आपल्याकडे बघतो आणि म्हणतो, "दुपारी या." दुपारी नवा बुश तयार. ड्रॉइंग नाही, ईमेल नाही, मीटिंग तर नाहीच नाही.

आणि अण्णांची वही. १९९४ पासून केलेलं प्रत्येक काम तारीख, किलोमीटर आणि खर्चासकट. "१४-३-०३. वॉटर पंप सील. पाणी डावीकडून ठिबकत होते. उजवीकडून वाटले होते. चूक." मी अठरा वर्षं सॉफ्टवेअर लिहितोय. इतका प्रामाणिक कमिट लॉग मी आजवर पाहिलेला नाही. स्वतःचा तर नाहीच.

या सगळ्यात माझं काम काय? टॉर्च धरणे. दहावीपासून मी टॉर्चच धरत आलोय. पाना अण्णांच्या हातात.

दोन वर्षांपूर्वी अण्णांना काचबिंदू निघाला. हा आजार बेमालूम असतो. दुखत नाही, समोरचं दिसत राहतं, कडेचं मात्र हळूहळू गळत जातं. गेलेलं परत येत नाही, उरलेलं थेंब घालून राखायचं. आमच्या लक्षात आलं तेव्हा बरंच गेलं होतं. डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं, ड्रायव्हिंग बंद.

घरी आल्यावर त्यांनी मॅटेडोरची चावी खिळ्याला अडकवली. त्यानंतर ती चावी ना त्यांनी काढली, ना "तू काढ" म्हणाले. रविवारचं चालू करणंसुद्धा बंद. आई एकदा हळूच म्हणाली, "आता तरी विकायची का?" ते काही बोलले नाहीत. अण्णा गप्प बसले की घरात मिक्सरसुद्धा दबकून चालतो.

मग गेल्या ऑक्टोबरात मीच विषय काढला. औंधला संगीत महोत्सव असतो. अंतूबुवा जोशींनी आपले गुरू शिवानंद स्वामी यांच्या स्मरणार्थ १९४० साली सुरू केलेला. पुढे त्यांचे चिरंजीव गजाननबुवांनी तो वाढवला, मग शिष्य-मंडळींनी. आश्विन वद्य पंचमीला मोठमोठे गवई या आडगावात येऊन गातात आणि गावकरी मांडी घालून ऐकतात. अण्णा लहानपणी सतरंजीच्या कडेला झोपून ऐकायचे. म्हटलं, चला जाऊ. राहायची सोय? आपली मॅटेडोर आहे की.

"चालवणार कोण?"

"मी."

बराच वेळ शांतता. मग म्हणाले, "आधी फिल्टर साफ कर."

तर आदल्या शनिवारी मी आयुष्यात पहिल्यांदा एकट्याने मॅटेडोरचं काम केलं. अण्णा खाली आले नाहीत. मीही बोलावलं नाही. (दोघांचाही तोच रक्तगट.) फीड पंपाच्या तोंडाशी जाळीचा फिल्टर असतो, तो उघडला, धुतला, परत बसवला. गाडी चालू केली. पहिल्या सेल्फला स्टार्ट! त्या रात्री मी अशा ऐटीत जेवलो की बायकोने विचारलं, प्रमोशन झालं का?

निघालो शुक्रवारी दुपारी. मी, अण्णा आणि माझी नऊ वर्षांची लेक. खंबाटकीच्या चढाला अण्णांनी मान किंचित तिरकी केली. "उचकी देतीय."

मला काहीच ऐकू आलं नव्हतं. "लोड आहे अण्णा, घाट आहे."

"लोडचा आवाज वायला असतो."

मी लक्ष दिलं नाही. साताऱ्यानंतर रहिमतपूरचा रस्ता धरला. दोन्ही बाजूंना शाळवाची पेरणी झालेली काळी रानं, उतरलेली उन्हं, मी मनातल्या मनात फोटोला कॅप्शन शोधत होतो. आणि रहिमतपूर मागे टाकून थोडं गेलो तोच गाडीने दोन आचके दिले आणि मेली. सेल्फ मारला, फिरतंय पण उचलत नाही. परत मारला. परत. चौथ्या वेळी अण्णांनी हात आडवा केला. "बॅटरी मारशील आता. एअर घेतलीय तिनं."

सॉफ्टवेअरवाल्यांसाठी थोडक्यात. जुन्या डिझेल इंजिनला एकदा चालू झाल्यावर वीजही फारशी लागत नाही, त्याला फक्त डिझेलची सलग धार लागते. त्या धारेत हवेचा बुडबुडा शिरला की पंप डिझेल दाबायच्या ऐवजी हवा दाबत बसतो. हवा दबते, नोझल उघडत नाही, इंजिन बंद. उपाय सोपा आहे. फिल्टरवरचा एअर स्क्रू ढिला करायचा, हातपंप मारत राहायचं, आधी फेस येतो, फेस संपून नितळ डिझेल आलं की पंप मारता मारताच स्क्रू आवळायचा.

अण्णा रस्त्याकडेच्या दगडावर बसून सांगत होते, मी करत होतो आणि टॉर्च लेकीच्या हातात होता. फेस आला, नितळ झालं, आवळलं, गाडी चालू झाली. दोन किलोमीटर गेलो. परत बंद. परत तेच. परत बंद. अंधार पडत चालला.

"कुठनं तरी हवा घेतीय," अण्णा म्हणाले. "काय काय उघडलं होतंस?"

"फक्त जाळीचा फिल्टर. पण तिथून डिझेलचा एक थेंबही गळत नाहीये. मी हात फिरवून पाहिलं."

"गळणारच नाही. पंपाच्या पुढं गळतं, पंपाच्या मागं ओढतं. डिझेल बाहेर आलं तर दिसतं. आत जाणारी हवा दिसत न्हाई, बाबा." मग शांतपणे, "वायसर नवे घातले होतेस का जुनेच?"

आता बोल. त्या बोल्टला दोन्ही बाजूंनी तांब्याचे वायसर असतात. एकदा आवळले की ते दबून घट्ट बसतात आणि कडक होतात. दुसऱ्यांदा नीट बसत नाहीत. नवा जोड दहा-वीस रुपयांना मिळतो. मी जुनेच घातले होते. शनिवारी दुकान बंद होतं आणि मला वाटलं होतं, चालतंय की! शुक्रवारी संध्याकाळी "छोटासाच बदल आहे" म्हणून टेस्टिंग न करता कोड लाइव्ह करणाऱ्या पोरांना मी ऑफिसात किती लेक्चरं झोडली असतील. सगळी आठवली, रस्त्याकडेला, एकेक करून.

मला वाटलं, अण्णा आता तोफ डागणार. ते म्हणाले, "गॅस काढ बाहेर."

"चहा?"

"चहा मागनं."

गॅस पेटवला. वायसर सांडशीत धरून ज्योतीवर धरायला लावला. तांबं तापवलं की परत मऊ होतं, नव्यासारखं बसतं. ही युक्ती कारखान्यात त्यांनी शेकडो वेळा केलेली. पण आता त्यांना रंगाचा अंदाज येईना. मान इकडेतिकडे वळवून पाहिली. मग नातीला जवळ बोलावलं.

"कसा दिसतोय गं?"

"काळाच."

"आता?"

"चॉकलेटी."

"आता?"

"आजोबा... डाळिंबाच्या दाण्यासारखा!"

"हां. टाक पाण्यात."

चुर्र. दुसराही तसाच. दोन्ही पुसून, बसवून, आवळले. आवळताना अण्णांनी माझ्या मनगटावर हात ठेवला होता. जोर कुठे थांबवायचा ते त्यांनी मला बोटाने सांगितलं. "बास. आणखी पाव दिलास तर आटं जातील." हातपंप मारला, फेस, नितळ डिझेल, सेल्फ. इंजिन धडधडलं आणि ते धडधडतच राहिलं. आम्ही तिघं पाच मिनिटं नुसते ऐकत उभे होतो. मग चहा केला.

पोचलो तेव्हा रात्रीचं सत्र बरंच पुढे गेलं होतं. डिझेलचा वास मारणारे तिघं मागच्या बाजूला बसलो. कोण गात होतं, कुठला राग, मला विचारू नका, माझी धाव 'छान होतं'पर्यंत. अण्णा डोळे मिटून बसले होते. गर्दीच्या जागी हल्ली ते बावरतात, कडेने कोण येतंय कळत नाही म्हणून. इथे बावरले नाहीत. घाटातली उचकी ऐकली तशीच मान तिरकी करून ऐकत होते. लेक माझ्या मांडीवर, सतरंजीच्या कडेला, झोपली.

रात्री अण्णांच्या शाळूसोबत्याच्या घरापुढे गाडी लावली आणि फळी टाकून झोपलो. पहाटे गारठा, टपावर दव आणि समोर यमाईचा डोंगर. हे सुख हॉटेलात मिळत नाही, एवढंच म्हणतो.

सकाळी डोंगराच्या वाटेवरचं भवानी संग्रहालय पाहिलं. बाळासाहेब पंतप्रतिनिधींनी १९३८ मध्ये उभारलेलं. रविवर्म्याची चित्रं तर आहेतच, पण हेन्री मूरचं 'मदर अँड चाइल्ड' हे शिल्पही इथे खटाव तालुक्यात आहे, हे लंडनला ऑनसाइट जाऊन आलेल्या किती जणांना माहीत असेल? हे राजेसाहेब स्वतः चित्रकार, कीर्तनकार आणि सूर्यनमस्काराचे कट्टर प्रचारक. (ग्रीसगन घेऊन मॅटेडोरखाली शिरायला लागल्यापासून सूर्यनमस्काराचं महत्त्व मलाही पटलंय.) किर्लोस्करांना १९१० मध्ये कारखान्यासाठी जागा दिली ती यांनीच. संस्थान म्हणजे कसं, एक तुकडा इथे, एक आटपाडीला, एक कुंडलला, एक पार विजापुराकडे. सगळी मिळून ७२ गावं.

बाहेर पायरीवर बसून अण्णांनी नातीला पुढची गोष्ट सांगितली. मॉरिस फ्रीडमन नावाचा पोलंडचा इंजिनिअर बंगलोरचा विजेच्या सामानाचा सरकारी कारखाना चालवायचा. तो आणि राजपुत्र आप्पासाहेब यांनी घाट घातला, गांधीजींचा सल्ला घेतला, आणि जानेवारी १९३९ मध्ये राजाने नव्या घटनेनुसार कारभार गावपंचायतींच्या हाती दिला. स्वातंत्र्याच्या आठ वर्षं आधी.

"राजाला कुणी हरवलं होतं का?" लेकीने विचारलं.

"न्हाई. आपणहून दिलं."

"मग तो काय करायचा नंतर?"

"होता की. काय अडलं तर लोक विचारायला यायचे. सत्तरीचा होता तवा. माझ्याएवढा."

मी चपला घालत होतो. अण्णा माझ्याकडे न बघता म्हणाले, "२०२७ला गाडीचं पासिंग संपतंय. त्याच्या आधी तुझ्या नावावर करून घे. दोनदा आरटीओला हेलपाटा नको."

मी "बरं" म्हटलं. दुसरं काही सुचलंच नाही. (रक्तगट!)

येताना अण्णा डावीकडे बसले. आमच्या घरात एक गोष्ट सगळ्यांना माहीत आहे, दुसरा कुणी चालवत असेल तर अण्णा गाडीत डोळा मिटत नाहीत. टॅक्सी असो, एस्टी असो, समोर रस्त्यावर नजर आणि पाय अदृश्य ब्रेकवर. पुण्याकडे येताना खंबाटकीला बोगदा लागतो. बोगद्यात शिरलो, इंजिनाचा आवाज चौपट झाला, म्हणून सवयीने वळून पाहिलं, आता काहीतरी सांगतील. अण्णा मान टाकून गाढ झोपले होते.

बोगद्याबाहेर आलो, उजेड तोंडावर पडला, तेव्हा डोळे न उघडताच म्हणाले, "वायसर मात्र नवे आण हं. ते तात्पुरते हायत."

सोमवारी ऑफिसला जाताना आणले. आणि वहीत पहिल्यांदाच माझ्या अक्षरात एक ओळ गेली. "फीड पंप, तांब्याचे वायसर दोन. आधी जुनेच बसवले होते. चूक."